शिक्षणात गुंतवलेला वारसा : एडिथ क्लार्क

वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघांचेही छत्र हरपलेल्या मुलीच्या हाती वारशाचे थोडे पैसे आले, तर ते तिच्या विवाहासाठी राखून ठेवावेत, हीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतही जनरीत होती. एडिथ क्लार्क यांनी मात्र तो पैसा शिक्षणावर खर्च केला. या एका निर्णयाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली आणि विद्युत अभियांत्रिकीला एक असामान्य गणिती लाभली.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८८३ रोजी मेरिलँड राज्यातील हॉवर्ड काउंटीत झाला. नऊ भावंडांच्या या कुटुंबात पोरकेपणानंतर थोरल्या बहिणीने त्यांना वाढवले. वारशाच्या पैशातून त्यांनी व्हॅसार कॉलेजात प्रवेश घेतला आणि गणित व खगोलशास्त्र या विषयांत १९०८ मध्ये पदवी संपादन केली. त्यानंतर तीन वर्षे त्यांनी अध्यापन केले. पण ओढ होती अभियांत्रिकीची. १९११ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले. पुढच्या उन्हाळ्यात ‘एटी अँड टी’ या टेलिफोन कंपनीत त्यांनी तात्पुरते काम धरले आणि तेथेच त्या रमल्या. हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसांना त्या काळी ‘कॉम्प्युटर’ म्हणत. एडिथ यांचे काम तेच. जॉर्ज कॅम्पबेल या नामांकित अभियंत्याच्या हाताखाली त्यांनी दूरवरच्या तारांतून जाणाऱ्या विद्युतलहरींचे गणित आत्मसात केले. दिवसा नोकरी आणि रात्री कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे वर्ग, असा क्रम त्यांनी चालवला.

१९१८ मध्ये, पस्तिशीत, स्थिर नोकरी सोडून त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश घेतला. पुढच्याच वर्षी तेथून विद्युत अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

पदवी मिळाली, पदवीला साजेसे काम मात्र मिळेना. महिलेला अभियंता म्हणून नेमण्यास कोणी तयार नव्हते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने त्यांना स्केनेक्टडी येथे घेतले, तेही आकडेमोड करणाऱ्या महिलांच्या गटाची प्रमुख म्हणून. म्हणजे एमआयटीत जाण्यापूर्वी जे काम त्या करीत होत्या, तेच पुन्हा वाट्याला आले. फावल्या वेळात त्यांनी लांब वीजवाहिन्यांची किचकट समीकरणे आलेखाच्या साह्याने झटपट सोडवणारे एक गणकयंत्र तयार केले. १९२१ मध्ये त्यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२५ मध्ये ते मंजूर झाले. मात्र अभियंतापदाची वाट किती काळ पाहायची? १९२१ मध्येच त्यांनी नोकरी सोडली आणि तुर्कस्तानातील कॉन्स्टँटिनोपल येथील महिला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्याचे काम स्वीकारले. वर्षभराने त्या परतल्या तेव्हा जनरल इलेक्ट्रिकने त्यांना विद्युत अभियंता म्हणून नेमले. त्या वेळी त्यांचे वय ३९ होते.

अमेरिकेत वीजजाळे वेगाने पसरण्याचा हा काळ होता. दूरच्या वीजनिर्मिती केंद्रांतून शहरांकडे येणाऱ्या वाहिन्या जितक्या लांब, तितकी सारी यंत्रणा डळमळीत होण्याची भीती अधिक. किती भार सुरक्षितपणे वाहून नेता येईल, हा प्रश्न एडिथ यांनी गणिताने हाताळला. १९२६ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे याच विषयावर शोधनिबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. तीन फेजच्या वीजप्रवाहाचे विश्लेषण सोपे करणारे गणिती रूपांतर आजही ‘क्लार्क रूपांतर’ या नावाने शिकवले जाते आणि मोटारींच्या नियंत्रणात त्याचा नित्य वापर होतो. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वीजयंत्रणांवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९४५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पण दोनच वर्षांत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने त्यांना पाचारण केले आणि विद्युत अभियांत्रिकीच्या अमेरिकेतील पहिल्या महिला प्राध्यापक होण्याचा मान त्यांना मिळाला. १९४८ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना फेलो म्हणून निवडले. हा बहुमानही त्यांच्याआधी कोणा महिलेला लाभला नव्हता. ऑस्टिनमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शक म्हणून त्यांची विशेष ख्याती होती. १९५६ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. २९ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

पदव्युत्तर शिक्षणासाठी पैसा, वेळ आणि वय या तिन्हींचा हिशेब आजही घराघरांत मांडला जातो. एडिथ यांच्या बाबतीत त्या हिशेबाचे उत्तर तीन वर्षे उणेच येत होते. म्हणून त्यांनी शिक्षण व्यर्थ मानले नाही, की मिळेल त्यावर समाधानही मानले नाही. वारशाची रक्कम केव्हाच संपली. त्यातून उभे राहिलेले गणित आजही वीज अभियंत्यांच्या रोजच्या वापरात आहे.