जमशेटजी टाटा आणि आगबोटींच्या भाड्याचे युद्ध

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव उच्चारताच जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि मुंबईचे ताजमहाल हॉटेल ही तीन कार्ये आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. यांपैकी पहिली दोन त्यांच्या पश्चात सिद्धीस गेली. पण ज्या कार्यात त्यांना हार खावी लागली, त्याची हकीकत मुलांच्या वाचनात क्वचितच येते. म्हणून ती येथे थोडी विस्ताराने देत आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे पारशी उपाध्यायांच्या कुळात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण १८५८ साली पुरे करून ते वडिलांच्या पेढीत शिरले आणि पुढच्याच वर्षी हाँगकाँगला गेले. चीनच्या बाजारपेठेची त्यांची ओळख अशी ऐन विशीत झाली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून १८६५ साली कापसाचा भाव एकाएकी कोसळला, तेव्हा ते लंडनमध्ये होते. त्यांनी सावकारांपुढे स्वतः उभे राहून सारा हिशेब मांडला. सावकारांनीही त्यांची सचोटी ओळखून पेढीची निरवानिरव त्यांच्याच हाती सोपविली. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि १८८६ साली त्यांनी कुर्ल्याची एक बुडीत गिरणी विकत घेऊन तिला स्वदेशी मिल असे नाव दिले. नागपूरहून मुंबईस जाणारा लोहमार्ग आपल्या नाशिक रोडवरूनच जातो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे चीन. जाड्या सुताच्या गासड्या हाँगकाँग व शांघाय येथे जात, आणि या मालावर सारा नफा अवलंबून असे. परंतु सूत कितीही चांगले काढले तरी ते समुद्रापार न्यावयाचे कोणी? त्या मार्गावर पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजेच पी. अँड ओ., ही इंग्रज कंपनी प्रबळ होती. एक ऑस्ट्रियन व एक इटालियन कंपनी तिच्याशी संगनमत करून होत्या. तिघींनी मिळून भाडे ठरवावयाचे व ते दर टनामागे १७ ते १९ रुपयांच्या घरात ठेवावयाचे, अशी रीत पडली होती. शिवाय काही बड्या पेढ्यांना आतून सूट मिळे. ती किती, हे इतरांना कळत नसे.

पी. अँड ओ. कंपनीच्या सामर्थ्याचे मूळ टपालात होते. विलायतेची टपाल ठरलेल्या दिवशी पोहोचविण्याबद्दल तिला सरकारी तिजोरीतून दर वर्षी मोठी रक्कम मिळे, आणि तिचा एक भाग हिंदुस्थानच्या करातून जाई. अशा साह्यात मुळात काही वाईट होते असे नाही. आपल्या शरणपूरच्या मिशनऱ्यांची पत्रे याच टपालबोटींतून स्वदेशी जात, आणि १८९८ च्या नाताळापासून हिंदुस्थानातून विलायतेस एका आण्यात पत्र जाऊ लागले, ही केवढी सोय! पण पत्रांसाठी मिळालेला पैसा आगबोटीच्या पोटातील मालाचे भाडे पाडण्यासही उपयोगी पडतो. टपालाच्या दराचा प्रश्न असा दुहेरी असतो. अलीकडेही चीनमधून टपालाने येणारी लहान पार्सले अत्यल्प दरात वाटावी लागतात, अशी अमेरिकेची तक्रार होती, आणि तिच्यापायी २०१९ साली जागतिक टपाल संघाला जिनीव्हा येथे खास अधिवेशन भरवून नियम बदलावे लागले. येवल्याची पैठणी संगणकावरून परदेशी विकणाऱ्या दुकानदारास या दरांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. साडीच्या किमतीच्या शेजारीच तो पार्सलाचा खर्च मांडतो.

जमशेटजींनी १८९३ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, जपान गाठले. जपानच्या नव्या गिरण्यांना हिंदी कापूस हवा होता, आणि त्यांनाही हेच भाडे जाचत होते. तेथे शिबुसावा एइइची या थोर व्यापाऱ्याशी बोलणे झाले व निप्पोन यूसेन कैशा या आगबोट कंपनीशी करार ठरला. त्या कंपनीने जहाजे चालवावी, पण टाटांनीही आपली जहाजे घालून जोखीम सारखी उचलावी, अशी अट होती. जमशेटजींनी ती मान्य केली. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ ही बोट कोबेहून मुंबईस निघाली. इकडे टाटांनी ‘अॅनी बॅरो’ व मागाहून ‘लिंडिसफार्न’ अशी दोन इंग्रज जहाजे भाड्याने घेतली. टाटा लाइनचा दर ठरला टनास १२ रुपये.

मग युद्ध पेटले. पी. अँड ओ. कंपनीने आपला दर उतरवीत उतरवीत दीड रुपयावर आणला, म्हणजे टाटांच्या दराचा आठवा हिस्सा! जपानचा कापूस तर फुकट नेण्याचीही तयारी दाखविली. मात्र ही मेहेरबानी कोणासाठी? टाटांच्या किंवा जपानी बोटींतून माल पाठविणार नाही, असे जो लिहून देईल त्याच्यासाठी. दीड रुपयात कोळशाचाही खर्च निघणे अवघड. पण तोटा सोसण्यास जिच्यापाशी टपालाचे उत्पन्न होते, तिला घाई नव्हती. महिन्याच्या महिन्यास जहाजाचे भाडे मोजणाऱ्याला होती.

जमशेटजींनी भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. हिंदी रयतेच्या करातून पोसलेल्या कंपनीने हिंदी व्यापाराचाच गळा दाबावा, हा कुठला न्याय, असा त्यांच्या अर्जाचा आशय होता. त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही.

मला या प्रकरणात परकी कंपनीपेक्षा आपल्या गिरणीमालकांचे वर्तन अधिक विचार करण्याजोगे वाटते. आरंभी त्यांनी टाटांना पाठिंब्याचे वचन दिले होते. दर दीड रुपयावर येताच एकेक जण तिकडे वळला. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण भागीदारांना जाब द्यावयाचा असता बारा रुपये देऊन माल कोण पाठवील? स्वस्ताई ही थोड्या दिवसांची आहे, हे त्यांनाही कळत असावेच. जपानात निराळे घडले. तेथील सूत गिरण्यांच्या संघाने कापूस आपल्याच बोटींतून आणण्याचा करार केला व तो पाळला. त्यामुळे जपानी कंपनी तगली आणि १८९६ साली पी. अँड ओ. कंपनीला तिच्याशी तडजोड करणे भाग पडले.

टाटा लाइन मात्र त्यापूर्वीच बंद झाली होती. जमशेटजींचे एक लाखाहून अधिक रुपये बुडाले. भाडी पुन्हा चढली. जहाजांच्या धंद्यात त्यांनी नंतर हात घातला नाही. लोखंड, वीज आणि विज्ञानसंस्था यांच्या मागे ते लागले, आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीत नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्रास एक शेपूट आहे. १८९३ च्या जुलैत जमशेटजी जपानहून अमेरिकेस गेले ते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या आगबोटीने. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस निघालेले स्वामी विवेकानंद त्याच बोटीवर होते. हीच बोट पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेऊन पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी दिली व तिचे नाव ‘लॉयल्टी’ असे पडले. १९१९ साली ती सिंदिया कंपनीने घेतली. ही कंपनी नरोत्तम मोरारजी आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी काढली होती. या वालचंदांना आपला जिल्हा रावळगावच्या साखर कारखान्यामुळे ओळखतो. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. लवकरच प्रतिस्पर्धी इंग्रज कंपनीने रंगून ते मुंबई तांदळाचे भाडे टनास १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आणले. तोटा या खेपेसही झाला. पण १९२३ साली तडजोड झाली तेव्हा सिंदियाची जहाजे किनाऱ्यावर चालतच होती.