दप्तर लोकांच्या घरात होतं, म्हणून राजवाडे दारोदार फिरले

दिंडोरी : वणी-दिंडोरीची लढाई आपल्या भागातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परत निघाले होते. मोगल सरदार दाऊदखानाने त्यांना या परिसरात अडवलं आणि मार खाल्ला. पण या लढाईचे बारकावे शोधायला गेलं की मोगलांच्या चाकरीतल्या भीमसेन सक्सेनाची हकिकत वाचावी लागते, नाहीतर सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं. महाराजांच्या दरबारची त्या वेळची कागदं फार थोडी उरली आहेत. लढाई आपण जिंकलो, तिची नोंद मात्र दुसऱ्यांच्या दप्तरात शोधावी लागते.

त्यानंतरच्या शतकाची गोष्ट वेगळी आहे. पेशवाईतल्या सरदारांनी, मामलतदारांनी, वकिलांनी एकमेकांना लिहिलेली हजारो पत्रं आज छापील पुस्तकात वाचता येतात. फौज कुठे आहे, दाणागोटा किती उरला, पैसा कुठून येणार, कोणत्या नदीला पूर आहे, सगळं त्यात आहे. ही पत्रं रद्दीत आणि वाळवीच्या तोंडी जाणार होती. ती वाचवण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, ते म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. जन्म २४ जून १८६३, मृत्यू ३१ डिसेंबर १९२६. शेवटचा श्वास त्यांनी आपल्या शेजारच्या धुळ्यात घेतला. ३१ डिसेंबर २०२६ ला त्या गोष्टीला शंभर वर्षं पूर्ण होतात.

नोकरी नको, संसार मोडला

राजवाडे लहान असतानाच वडील गेले. शिक्षण पुण्यात झालं, तेही अडखळत. कॉलेजातल्या नेमलेल्या पुस्तकांपेक्षा इतर वाचनात त्यांचा जीव जास्त. त्यामुळे बी. ए. व्हायला १८९० च्या आसपासचा काळ उजाडला. थोरले बंधू वैजनाथ हे संस्कृतचे नावाजलेले प्राध्यापक झाले. विश्वनाथ मात्र एका जागी टिकणारे नव्हते.

लग्न झालं, पण बायको लवकर वारली. तेव्हा वय तरुण होतं, लोकांनी दुसरं लग्न करायचा आग्रह केला असेलच. राजवाड्यांनी केलं नाही. पुढचं सगळं आयुष्य एकट्याने काढलं. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा, गरजा अगदी थोड्या ठेवायच्या, कोणाची चाकरी करायची नाही, असं ते जगले.

इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचं ते मराठीतच, हा त्यांचा हट्ट होता. त्या काळात इंग्रजीत लिहिलं असतं तर नाव आणि पैसा दोन्ही मिळालं असतं. पण मराठी माणसाला मराठीत ज्ञान मिळालं पाहिजे, यासाठी त्यांनी आधी 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटोचा ग्रंथ मराठीत आणला. मासिक काही वर्षांत बंद पडलं.

सरकारी कागद घरात का?

आज तहसीलदाराची बदली झाली तर फाइल तहसीलमध्येच राहते. पेशवाईत तसं नव्हतं. सरदाराचा वाडा हेच त्याचं ऑफिस. मामलतदाराच्या ओसरीवर कारकून मांडी घालून बसायचे आणि बोरूने मोडीत पत्रं लिहायचे. आलेलं पत्र ठेवून घ्यायचं, पाठवलेल्याचा मसुदा ठेवायचा, हिशेबाचे ताव जोडायचे आणि सगळं कापडी रुमालात बांधून फडताळात नाहीतर माळ्यावर टाकायचं. या बांधलेल्या गठ्ठ्याचं नावच रुमाल.

१८१८ ला पेशवाई बुडाली. सरदारकी गेली, फौज गेली, अधिकार गेला. कागद मात्र त्याच घरात राहिले. पुण्यातलं पेशव्यांचं मुख्य दप्तर इंग्रजांनी ताब्यात घेतलं, कारण जमिनीचे, इनामांचे पुरावे त्यात होते. ते कुलपात गेलं आणि अभ्यासकांना तिथे सहज जाता येत नव्हतं.

म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभाराचा अर्धा भाग सरकारच्या कुलपात आणि अर्धा भाग लोकांच्या माळ्यावर. राजवाड्यांनी माळ्याकडे मोर्चा वळवला.

हे सोपं नव्हतं. १८५२ नंतर इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा तपासून कितीतरी लोकांची इनामं काढून घेतली होती. ती भीती मनातून गेली नव्हती. कोणी अनोळखी माणूस येऊन जुने कागद दाखवा म्हणाला की हा सरकारचा हेर तर नाही ना, अशी शंका यायची. आजही तलाठ्याला सोडून दुसऱ्या कोणी सातबारा मागितला तर आपण चार वेळा विचार करतोच. भाऊबंदकीची भीती वेगळी. कागदात काय निघेल आणि कोणाचा हिस्सा वाढेल, सांगता येत नव्हतं. म्हणून काही जण कागद नाहीतच म्हणायचे, काही जण पुढच्या खेपेला या म्हणायचे. तोवर वाळवी आपलं काम करतच होती.

राजवाडे पायी फिरले, बैलगाडीने फिरले, रेल्वेने फिरले. नकार मिळाला तरी पुन्हा गेले. मिळालेले कागद झाडून, उलगडून, वाचून, नकलून घेतले. हे काम त्यांनी सरकारी पगार न घेता केलं.

वाईला सापडलं पानिपत

१८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड बाहेर आला. राजवाडे तेव्हा पस्तिशीत होते. वाईत मिळालेल्या पत्रांवर तो आधारलेला होता. काळ होता १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतचा.

त्यात सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं आहेत. गोविंदपंत हे बुंदेलखंडातले पेशव्यांचे मामलतदार. वसूल गोळा करायचा, फौजेला पैसा आणि धान्य पुरवायचं, नदी उतरायला नावा जमवायच्या, अशी कामं भाऊंनी त्यांच्यावर टाकली होती. १७६० च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पत्रामागून पत्र जात होतं. पैसा पाठवा. यमुनेला पूर आहे, नावांचं बघा. अब्दालीची रसद तोडा. पत्रांचा सूर दर महिन्याला कडक होत जातो. डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीच्या स्वारांनी गोविंदपंतांना अचानक गाठून मारलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळं संपलं.

पानिपत तोवर लोकांना बखरींतून माहीत होतं. बखर मागाहून लिहिलेली असते. लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, मग शूर जास्त शूर होतो आणि वाईट जास्त वाईट. फौजेचे आकडे फुगतात. पत्राचं तसं नसतं. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसतं. आज बैलाला वैरण नाही, एवढंच तो लिहितो. राजवाड्यांनी पहिल्या खंडाच्या लांबलचक प्रस्तावनेत बखरी या पत्रांशी ताडून पाहिल्या आणि बखरींतल्या चुका एकेक करून दाखवल्या. इतिहास लिहायचा तर आधी अस्सल कागद हवा, ही गोष्ट मराठी वाचकाला त्यांनी पटवून दिली.

हे ताडून पाहणं म्हणजे डोळ्यांचं तेल होतं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ सलग जाते. तारीख मुसलमानी महिन्याच्या चंद्राची. साल अरबी शब्दांत, तेही पुष्कळदा गाळलेलं. इहिदे सितैन मया व अलफ असं लिहिलं असेल तर एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७६०-६१ निघतं. साल नसलं की पत्रातल्या मजकुरावरून, कोण कुठे आहे ते पाहून साल ठरवायचं. एक साल चुकलं तर लढाईच्या आधीचं पत्र नंतर जाऊन बसतं आणि कोणावर तरी खोटा ठपका येतो.

या मालेचे पुढे एकूण २२ खंड निघाले.

एकटे नव्हते, पण सगळ्यात अस्वस्थ

त्याच काळात मिरजेला वासुदेवशास्त्री खरे नावाचे शाळामास्तर पटवर्धन सरदारांचं दप्तर वाचून छापत होते. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनीस नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या दप्तरावर काम करत होते. राजवाड्यांना मात्र एक घर, एक गाव पुरत नव्हतं. अशा कामाला संस्था हवी म्हणून ७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं. घराघरातले रुमाल ठेवायला हक्काची जागा झाली.

पुढे त्याच मंडळातल्या लोकांशी त्यांचं बिनसलं आणि ते बाजूला झाले. स्वभाव तापट. पटलं नाही की ते उठून जायचे, मग संस्था स्वतः काढलेली का असेना.

त्यांची मतंही टोकाची होती. जातींबद्दल त्यांनी लिहिलेलं पुष्कळांना लागलं. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयीच्या लिखाणावर केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, यांनी 'कोदंडाचा टणत्कार' हे पुस्तक लिहून त्यांना सडेतोड उत्तर दिलं. पानिपतच्या पराभवाचा मोठा दोष राजवाड्यांनी गोविंदपंतांवर ठेवला होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो निवाडाही जसाच्या तसा मानला नाही.

पण त्यांचं म्हणणं खोडायला लोकांनी काय वापरलं? त्यांनीच छापलेली पत्रं. स्वतःच्या विरुद्ध जाईल तो कागदही त्यांनी लोकांसमोर ठेवला. मत जुनं झालं, कागद जुना होऊनही कामाला येतोय.

शेवट धुळ्यात

आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी खानदेशात काढली. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव आणि भास्कर वामन भट ही मंडळी त्यांच्या कामाची कदर करणारी होती. राजवाडे तेव्हा शब्दांची व्युत्पत्ती, व्याकरण, गावांची नावं यांच्या मागे लागले होते. साठी उलटली तरी हात थांबला नव्हता. १९२६ सालच्या शेवटच्या दिवशी ते गेले. ना मूलबाळ, ना इस्टेट. मागे राहिले ते कागदांचे ढीग, टाचणं आणि अर्धवट लिखाण.

ते तरी रद्दीत जाऊ नये म्हणून धुळ्याच्या लोकांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. दुसऱ्यांचे कागद वाचवणाऱ्या माणसाचे कागद असे वाचले. आणि त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच पुण्याचं कुलूपबंद पेशवे दप्तरही थोडं उघडलं. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले. राजवाड्यांना ते पाहायला मिळालं नाही.

आपल्याकडचा रुमाल

दिंडोरी तालुक्यातही जुन्या वाड्यांत, पाटील-देशमुखांच्या, कुलकर्ण्यांच्या घरांत पत्र्याच्या पेट्या असतात. वाडा पाडून स्लॅब टाकताना ती पेटी आधी अंगणात येते, मग भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. आत नुसत्या वाटणीच्या चिठ्ठ्या असतील, नाहीतर एखाद्या पथकाचा हिशेब असेल. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद फालतू ठरत नाही.

असा कागद मिळाला तर तो लॅमिनेट करू नये, त्याला चिकटपट्टी लावू नये, उन्हात टाकू नये. कोरड्या सुती कापडात बांधावा. मोबाइलवर उजेडात सरळ फोटो काढून ठेवावा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचं राजवाडे मंडळ याच कामासाठी उभं राहिलेलं आहे. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्गही घेतो. मालकी सोडायची गरज नाही, राजवाड्यांनीही पुष्कळ कागद नकलूनच घेतले होते.

त्यांना दारोदार फिरून पेटी उघडा म्हणून विनवावं लागलं. आता फिरणारा तसा माणूस नाही. पेटी ज्याच्या घरात आहे, त्यानेच ती उघडायची आहे.