अलेखिन आणि त्यांचा घोडा

बुद्धिबळात पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, की काळ्याने काय करावे? पुष्कळ जण आपलेही प्यादे समोर आणून ठेवतात. अलेक्झांडर अलेखिन यांनी मात्र घोडा बाहेर काढला, आणि तोही प्यादे त्याला लगेच हुसकावील अशा घरात! टेम्सकाठच्या मेडनहेडला खेळा की आपल्या बेटावर, हा बचाव आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

अलेखिन यांचा जन्म १८९२ साली मॉस्कोच्या एका श्रीमंत घराण्यात झाला. १९१४ साली जर्मनीत मॅनहाइमच्या स्पर्धेत ते आघाडीवर असतानाच महायुद्ध पेटले आणि त्यांना अटक झाली. पुढे रशियात क्रांती झाली, घरची संपत्ती गेली, आणि १९१९ साली ओडेसा येथे पुन्हा तुरुंगवास घडला. १९२१ साली त्यांनी मायदेश सोडला.

त्याच वर्षी बुडापेस्टला स्टायनर यांच्याविरुद्ध त्यांनी ही घोड्याची खेळी केली. तिच्यातली युक्ती अशी : पांढरा घोड्याच्या मागे लागतो आणि एकेक प्यादे पुढे ढकलतो. पट त्याने व्यापला असे दिसते. पण पुढे गेलेले प्यादे मागे येत नाही! मग काळा त्या प्याद्यांवरच चहूकडून मारा करतो. मात्र वेळ चुकली, तर तीच प्यादी काळ्याला चिरडतात.

१९२७ साली ब्यूनोस आयर्सला चौतीस डावांच्या झुंजीत त्यांनी कापाब्लांका यांना हरवून जगज्जेतेपद मिळवले. १९३१ साली प्रागला आपल्या हिंदुस्थानच्या मीर सुलतान खान यांनी त्यांना बरोबरीत रोखले. १९३५ साली ऑयवे यांच्याकडून ते हरले. मद्यपान त्यांना भोवले, असे पुष्कळ जण मानतात. दोन वर्षांनी त्यांनी पद परत जिंकले.

परंतु पटाबाहेर त्यांना अशी सुटका लाभली नाही. १९४१ साली जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये त्यांच्या नावाने ज्यूद्वेषी लेख छापून आले. ते आपले नव्हेत, असे त्यांनी नंतर सांगितले. पण फारशा कोणाला ते पटले नाही. युद्धानंतर लंडनच्या स्पर्धेचे निमंत्रण मागे घेतले गेले.

२४ मार्च १९४६ रोजी पोर्तुगालमध्ये एस्तोरिलच्या हॉटेलातील खोलीत ते मृतावस्थेत आढळले. खुर्चीत बसलेले, जवळ पट मांडलेला. जगज्जेतेपद हाती असताना मरण आलेले ते एकटेच.

१९७२ साली फिशर यांनी स्पास्कीविरुद्ध हाच बचाव खेळून तेरावा डाव जिंकला. माणसाच्या थोरवीबरोबर त्याचे दोषही मुलांना सांगावेत. आणि मग पट मांडून त्यांना तो घोडा बाहेर काढायला शिकवावे.