फ्लॉरेन्सचा उपदेशक जिरोलामो सावोनारोला

नोहाच्या काळचा जलप्रलय, सदोमाचा नाश, आणि आमोस, यिर्मया, यहेज्केल इत्यादि संदेष्ट्यांनीं दिलेल्या ताकिदी आपण पवित्र शास्त्रांत वाचतों, तेव्हां त्या कोणा दुसऱ्याच लोकांकरितां होत्या असें पुष्कळांस वाटतें. एका मनुष्यास तसें वाटलें नाहीं. त्यानें त्या ताकिदी आपल्या शहरास वाचून दाखविल्या आणि त्यापायीं त्याचा प्राण गेला. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों. त्यांत घेण्याजोगें पुष्कळ आहे, व भिण्याजोगेंही आहे.

जिरोलामो सावोनारोला ह्याचा जन्म ता. २१ सप्टेंबर १४५२ रोजीं इटली देशांतील फेरारा शहरीं झाला. त्याचा आजा दरबारचा वैद्य होता, आणि नातवानेंही वैद्यकी करावी अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु दरबारांतील चैन व बाहेरची अनीति पाहून त्या तरुणाचें मन विटलें. १४७५ सालीं आईबापांस न सांगतां तो घराबाहेर पडला, आणि बोलोन्या येथें दोमिनिकन संन्याशांच्या मठांत शिरला. मागाहून त्यानें बापास पत्र लिहून कारण कळविलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्यावर घर सोडण्याचा प्रसंग आला असेल, त्यांस त्या पत्रामागील दुःख आम्हीं सांगावयास नको.

१४८२ सालीं त्यास फ्लॉरेन्स शहरच्या सान मार्को मठांत पाठविण्यांत आलें. फ्लॉरेन्स म्हणजे त्या काळीं विद्या, चित्रकला व पेढ्या ह्यांचें माहेरघर. नांवाला तेथें लोकांचें राज्य होतें, परंतु खरी सत्ता मेदिची ह्या धनाढ्य घराण्याच्या हातीं होती. तेथें सावोनारोलाचे पहिले उपदेश अगदीं फसले. त्याची बोली परगांवची, हातवारे बेढब. अलंकारिक भाषणांस सोकावलेल्या श्रोत्यांनीं हळूहळू पाठ फिरविली. ज्या प्रचारकांस रिकाम्या बांकांपुढें बोलावें लागतें त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. पुढें सान जिमिन्यानो ह्या लहानशा गांवीं तो थेट शास्त्रांतून बोलूं लागला. मंडळीस शिक्षा होणार, तिचें नूतनीकरण होणार, आणि तें लवकरच होणार, हा त्याचा विषय ठरला.

१४९० सालीं तो फ्लॉरेन्सास परत आला, तोही मेदिची घराण्याचा प्रमुख लोरेंझो ह्याच्याच इच्छेवरून. आतां मंदिरांत पाय ठेवावयास जागा मिळेना. गरिबांवर बसविलेले कर, सावकारांचें व्याज, जुगार, पैसे घेऊन दिलेल्या धार्मिक पदव्या, ह्या सर्वांवर तो आमोसासारखा तुटून पडे. पुढच्या वर्षीं तो मठाचा मुख्य झाला. नव्या मुख्यानें मेदिचींच्या वाड्यावर मुजऱ्यास जाण्याची चाल होती. तो गेला नाहीं. सुधारणा त्यानें आपल्या घरापासून आरंभिली. मठाची मालमत्ता विकली, आणि बंधूंनीं श्रमानें पोट भरावें असा नियम घातला. आमच्या मतें त्याच्या सर्व कामांत हें काम उत्तम होय, पण त्याची आठवण कोणी फारशी काढीत नाहीं. १४९२ च्या एप्रिलांत लोरेंझो मरणोन्मुख झाला असतां सावोनारोला त्यास भेटला. त्या भेटीची हकीकत दोन प्रकारें सांगतात, म्हणून ती आम्ही येथें देत नाहीं. त्याच वर्षीं रोममध्यें बोर्जा घराण्यांतील एक पुरुष सहावा अलेक्झांडर ह्या नांवानें पोप झाला. त्यास मुलेंबाळें होतीं, आणि हें सर्वांस ठाऊक होतें.

१४९४ सालीं सावोनारोला नोहाच्या तारवावर उपदेश करीत होता. ता. २१ सप्टेंबर रोजीं तो जलप्रलयाच्या वचनापर्यंत पोहोंचला, आणि त्याच सुमारास फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स सैन्य घेऊन आल्प्स पर्वत उतरल्याची बातमी शहरांत आली. श्रोते थरथर कांपले. नोव्हेंबरांत लोरेंझोचा मुलगा पिएरो शहर सोडून पळाला. सावोनारोला राजाच्या भेटीस गेला. फ्रेंच सैन्य शहरांत आलें, आणि महिना संपण्यापूर्वीं निघून गेलें. लोकांस वाटलें, हा खरोखर देवाचा संदेष्टा आहे. त्याच्या सल्ल्यानें लोकांची महासभा स्थापन झाली. राजकीय अपराधाबद्दल देहान्त शिक्षा झालेल्यास त्या सभेकडे दाद मागतां यावी असा कायदा झाला. आणि गरिबांस वस्तू गहाण ठेवून अल्प व्याजानें कर्ज देणारी सार्वजनिक पेढी निघाली.

येथपर्यंत त्याचें हत्यार वचन होतें. पुढें तें बदललें. पांढरे झगे घातलेल्या मुलांच्या टोळ्या रस्त्यांतून हिंडूं लागल्या. त्या भिक्षा गोळा करून गरिबांस देत हें खरें, पण जुगाऱ्यांचे फासे हिसकावीत, स्त्रियांच्या वस्त्रांवरून त्यांस हटकीत, आणि दारोदार जाऊन चैनीच्या वस्तू मागत. कार्निव्हल नांवाचा जो सण तिकडे आपल्या शिमग्यासारखा धिंगाण्यांत जात असे, त्या सणांत ता. ७ फेब्रुवारी १४९७ रोजीं भर चौकांत मोठी होळी पेटविण्यांत आली. तींत मुखवटे, खोटे केस, आरसे, पत्ते, वाद्यें, पुस्तकें व चित्रें जळालीं. कोणी मनापासून आणून दिलीं, कोणी भीतीनें. आंतून किती पालट झाला हें त्या ज्वाळांवरून कसें कळावें? मुलानें बापाच्या घरावर नजर ठेवावी ही रीत आम्हांस तरी बरी वाटत नाहीं.

त्याच वर्षाच्या ऑगस्टांत मेदिचींच्या पांच पक्षपात्यांस देहान्त शिक्षा झाली. त्यांनीं महासभेकडे दाद मागितली, ती नाकारण्यांत आली. कायदा सावोनारोलाच्याच पाठिंब्यानें झालेला. त्या पांचांकरितां मात्र त्याचा शब्द उठला नाहीं. राजांची गय न करणारा हा पुरुष आपल्या पक्षाच्या अन्यायापुढें गप्प राहिला, ह्याचें आम्हांस फार वाईट वाटतें.

इकडे पोपनें त्यास रोमला बोलाविलें; तो गेला नाहीं. उपदेश करण्याची मनाई झाली. ती त्यानें कांहीं काळ पाळली, मग मोडली. मे १४९७ मध्यें त्यास मंडळीबाहेर टाकण्यांत आलें. तेव्हां फ्रान्सिस्कन संन्याशांपैकीं एकानें आव्हान दिलें कीं, दोन्ही पक्षांच्या मनुष्यांनीं अग्नींतून चालावें व देवानें निवाडा करावा. सावोनारोलाचा सोबती दोमेनिको ह्यानें तें उत्साहानें पत्करलें, आणि सावोनारोलानें अखेर संमति दिली. ता. ७ एप्रिल १४९८ रोजीं चौक माणसांनीं भरला. कोणतीं वस्त्रें घालावीं, हातीं काय धरावें, ह्यावर वाद होतां होतां दिवस गेला, पाऊस पडला, आणि कोणीही अग्नींत शिरलें नाहीं. चमत्कार पाहावयास आलेले लोक चिडून घरीं गेले. दुसऱ्या दिवशीं झावळ्यांचा रविवार होता. त्याच संध्याकाळीं जमावानें मठावर हल्ला केला आणि त्यास पकडण्यांत आलें.

हात पाठीमागें बांधून, दोरानें उंच ओढून खालीं सोडण्याचा छळ त्यास पुनःपुन्हां सोसावा लागला. वेदनेंत त्यानें आपण संदेष्टा नाहीं असें कबूल केलें, मग तें नाकारलें, मग पुन्हां कबूल केलें. तुरुंगांत असतां त्यानें ५१ व्या स्तोत्रावर मनन लिहिलें. त्यांत शहरास दटावणारा उपदेशक दिसत नाहीं. स्वर्गाकडे डोळे वर करण्यासही लाजणारा एक पापी दिसतो. ३१ व्या स्तोत्रावरील मनन अपुरें राहिलें. ता. २३ मे १४९८ रोजीं दोमेनिको व सिल्वेस्त्रो ह्या दोन बंधूंसह त्यास त्याच चौकांत फांशी देऊन जाळण्यांत आलें, आणि कोणी अवशेष जपून ठेवूं नयेत म्हणून राख आर्नो नदींत टाकण्यांत आली.

मतांच्या बाबतींत तो अखेरपर्यंत रोमच्या मंडळीचाच होता. तरी १५२३ सालीं मार्टिन लूथरनें तीं दोन्ही मननें स्वतःच्या प्रस्तावनेसह छापून काढिलीं, आणि जर्मनींतील वर्म्स गांवीं १८६८ सालीं उभारलेल्या लूथरच्या स्मारकांत सावोनारोलाचीही मूर्ति बसविलेली आहे. फ्लॉरेन्सच्या चौकांत त्याच्या मरणाच्या जागीं एक वाटोळा दगड आहे. दरवर्षीं २३ मे रोजीं शहरचे लोक त्यावर फुलें वाहतात, आणि मग पुलावर जाऊन पाकळ्या नदींत सोडतात.