जाळ्यासमोर थांबणारा मिठाचा अधिकारी

पावसाळा ओसरू लागला की त्र्यंबक, इगतपुरीकडच्या रानवाटांवर दोन झाडांच्या मध्ये ताणलेली मोठमोठी जाळी नजरेस पडू लागतात. सकाळचे ऊन तिरपे पडले की त्यातल्या काहींचे धागे चक्क सोनेरी चमकतात. अशा जाळ्याच्या मध्यावर डोके खाली करून बसलेली, पाय पसरल्यावर तळहातभर भरणारी काळी-पिवळी मादी म्हणजे जायंट वुड स्पायडर, शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. तिचा नर मात्र जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि तिच्याच जाळ्याच्या कडेला राहतो. जवळच्या झुडपात कधी अर्जिओपी जातीची कोळीण दिसते. जाळ्यात पांढऱ्या रेशमाची फुलीसारखी नक्षी काढते म्हणून तिला सिग्नेचर स्पायडर म्हणतात.

हे दिसल्यावर कोणी काठीने जाळे मोडून वाट काढतो, तर कोणी थांबून मोबाइल बाहेर काढतो. कोळ्यासारख्या नकोशा जिवासमोर असे थांबून पाहण्याची गोडी ज्यांनी मुंबई इलाख्यातल्या वाचकांना लावली, त्यांपैकी एक होते एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. इंग्रजी वाचणाऱ्यांना ते 'एहा' या टोपणनावाने माहीत होते. एहा म्हणजे त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे.

एटकेन यांचा जन्म 16 ऑगस्ट 1851 रोजी साताऱ्यात झाला. वडील स्कॉटिश मिशनरी. सुरुवातीचे शिक्षण त्यांच्याच हाताखाली, पुढचे मुंबई-पुण्यात. 1870 ते 1876 या काळात त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले. एप्रिल 1876 मध्ये ते सरकारच्या जकात व मीठ खात्यात लागले. नोकरी तशी रुक्ष. मिठागरांवर देखरेख, चोरटा माल पकडणे, अहवाल लिहिणे. पण या नोकरीने त्यांना खाराघोडा, उरण, रत्नागिरी, कारवार, गोव्याची सीमा असे हिंडवले. वाळवंटाच्या कडेपासून दाट रानापर्यंत सारे त्यांना जवळून पाहायला मिळाले.

खाराघोडा हे कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरचे मिठाचे गाव. धूळ, खारे पाणी आणि रखरखीत ऊन. तिथे अधिकाऱ्याच्या बंगल्यात सोबत होती ती उंदीर, पाली, मुंग्या, वटवाघळे, डास आणि कोळी यांची. दुसऱ्या एखाद्याने बदलीसाठी अर्ज केला असता. एटकेन यांनी या सोबत्यांवर पुस्तक लिहिले. 1883 साली आलेल्या 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' या पुस्तकात खाराघोड्याचे नाव त्यांनी 'डस्टीपूर' असे ठेवले. त्या काळी इंग्रज सरकार वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांशी झुंजत होते. एटकेन यांनी स्वतःच्या बंगल्यालाच सरहद्द मानले आणि त्यात घुसणाऱ्या प्राण्यांना टोळ्या. त्यांच्याशी आपले परराष्ट्र धोरण काय असावे, असा गंमतीचा सूर धरून एकेका जिवाची ओळख करून दिली. त्यात कोळ्यांना एक स्वतंत्र प्रकरण आहे. फुलपाखरांना तर दोन आहेत. पहिले त्यांना पकडण्यावर, दुसरे नुसते न्याहाळण्यावर.

हे प्रकरण लिहिले तेव्हा भारतातल्या कोळ्यांची ओळख पटवायला हाताशी ग्रंथ नव्हता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रेजिनाल्ड पोकॉक यांचा भारतीय अष्टपादांवरचा ग्रंथ 1900 साली, म्हणजे 17 वर्षांनी आला. कॅमेरे होते, पण अवजड; रानात लहान जिवाचे छायाचित्र काढणे फार कठीण. एटकेन यांच्या या पुस्तकातली चित्रे एफ. सी. मॅक्रे यांनी हाताने काढलेली आहेत.

1883 हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. 15 सप्टेंबरला भायखळ्याच्या संग्रहालयात (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्यात एटकेन होते; तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते. 1886 पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले, तेव्हा आर. ए. स्टर्नडेल यांच्याबरोबर एटकेन त्याचे संपादक झाले. पुढे कारवारच्या रानांत त्यांनी डेव्हिडसन आणि बेल या सहकाऱ्यांसह तिथल्या फुलपाखरांचा अभ्यास केला आणि तो त्याच नियतकालिकात छापला. 1894 चे 'अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल' हे पुस्तक याच रानांतल्या भटकंतीचे आहे.

या नजरेचा सरकारला प्रत्यक्ष उपयोग झाला तो 1902 मध्ये. गोव्याच्या सीमेवरच्या जकात चौक्यांवर मलेरियाने कहर केला होता. तिथे बदली म्हटली की शिपायांच्या पोटात गोळा उठायचा. मलेरिया डासातून पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादेत दाखवून दिले होते. आता प्रश्न होता तो डास कुठे आहेत आणि माणसे त्यांच्यापासून दूर कशी ठेवायची, हा. त्यासाठी सरकारने डॉक्टर नसलेल्या या मिठाच्या अधिकाऱ्याला खास कामगिरीवर धाडले. या फिरतीत त्यांना अ‍ॅनोफिलीस डासाची एक नवी जात सापडली. मेजर जेम्स यांनी ती तपासून तिला अ‍ॅनोफिलीस एटकेनाय हे नाव दिले. घरातले डास आणि कोळी वर्षानुवर्षे न्याहाळण्याचा छंद असा शिपायांचे जीव वाचवण्याच्या कामी आला.

कोळ्यांच्या बाबतीत आपल्याकडे अजून अशाच तपासणीची गरज आहे. अंगावर लाल पट्टा उठला, फोड आले की 'कोळी फिरला' असे आपण म्हणून टाकतो. पुष्कळदा हे काम पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या पेडेरस नावाच्या लहान भुंगेऱ्याचे असते. तो अंगावर चिरडला की त्यातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. कधी ती नागीण असते आणि तिच्यावर वेळेत औषध लागते. कोळ्यावर खापर फोडून घरगुती लेप लावत बसल्याने ते दिवस वाया जातात. रानातली ती मोठी वुड स्पायडर स्वतःहून अंगावर येत नाही. हातात धरली, दाबली तरच चावते. थोडी आग, थोडी सूज, आणि ती आपोआप उतरते. श्वासाला त्रास किंवा अंगभर गांधी उठल्या, तर मात्र डॉक्टर गाठावा.

छायाचित्र काढणाऱ्यांनीही थोडे पथ्य पाळावे. या कोळिणीची नजर अधू असते; तिला जग कळते ते धाग्यांच्या थरथरीतून. म्हणून फांदी हलवू नये, आधाराचे लांब धागे कुठे बांधले आहेत ते आधी पाहावे आणि वळसा घालून उभे राहावे. थेंब चमकावेत म्हणून जाळ्यावर पाणी मारू नये. ती आपले जाळे रोज नव्याने विणत नाही, फाटलेला भाग दुरुस्त करत तेच दिवसेंदिवस वापरते. ते तुटले तर तिचे शिकारीचे साधनच जाते. दहा मिनिटे स्वस्थ उभे राहिलात तर कडेचा इवलासा नरही दिसू लागेल.

एटकेन 1903 मध्ये कराचीला जकात व मीठ खात्याचे प्रमुख झाले. शेवटची कामगिरी सिंधच्या गॅझेटियरची. ऑगस्ट 1906 मध्ये निवृत्त होऊन ते एडिंबरोला गेले आणि एप्रिल 1909 मध्ये अल्पशा आजाराने तिथेच वारले. त्यांनी संपादनाला हात लावलेले सोसायटीचे नियतकालिक आजही निघते. जातींच्या यादीत तो डास त्यांचेच नाव घेऊन आहे.