झुंजारचा चेहरा कोणाचा?

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार दिसावयास कसा होता, असे जुन्या जालन्यातील एखाद्या वयस्क वाचकास विचारावे. तो सांगेल ते रूप बव्हंशी रघुवीर मुळगावकरांचे असेल. १९१८ साली गोमंतकात जन्मलेल्या या चित्रकाराने मुंबईत एस. एम. पंडितांकडे धडे घेतले, रंगाच्या फवाऱ्यावर विलक्षण हुकमत मिळविली आणि दिनदर्शिकांच्या द्वारे देवदेवतांना घरोघरच्या भिंतींवर नेले. अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही त्यांचीच. येथे खरा पेच होता. लेखकाने शेवटच्या पानापर्यंत झाकावयाचे आणि चित्रकाराने दर्शनी पानावरच दाखवावयाचे! शिवाय श्रेयाचे काय? सहस्राधिक कथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांचे नाव ठळक. ग्राहकाचे पाऊल अडविणाऱ्याची सही मात्र कोपऱ्यात. अमेरिकेत १९६१ पासून स्टॅन ली यांच्यासमवेत अतिमानवी नायक घडविणारे जॅक कर्बी याच श्रेयासाठी झगडले. त्यांच्या वारसांची प्रकाशनसंस्थेशी तडजोड झाली ती २०१४ मध्ये. मुळगावकर १९७६ साली निवर्तले. पुस्तक बांधणीस देताना मुखपृष्ठ काढून टाकण्याची रीत अनेक ग्रंथालयांत होती; लेखकाचे काम कपाटात राहिले, चित्रकाराचे रद्दीत गेले. जी मुखपृष्ठे उरली असतील, त्यांची नोंद तरी ग्रंथपालांनी चित्रकाराच्या नावासह करावी.