बास्केटबॉल शिकायला हा पोरगा थेट तो खेळ शोधणाऱ्या माणसाकडे गेला

नवी जबाबदारी अंगावर पडली की आपल्याला काय येत नाही, हे लपवायचीच धडपड जास्त असते. विचारलं तर कमीपणा येईल, ही भीती. जॉन मॅक्लेंडन या कृष्णवर्णीय पोराकडे तर न विचारण्याचं याहून मोठं कारण होतं. तरी त्याने विचारलं.

गोष्ट आहे १९३३ ची. जॉन अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला. त्याला बास्केटबॉलचा कोच व्हायचं होतं. वडिलांनी त्याला कॅन्सस विद्यापीठात धाडलं, कारण तिथे डॉ. जेम्स नेस्मिथ शिकवत होते. हे तेच नेस्मिथ, ज्यांनी १८९१ मध्ये जिमच्या गॅलरीला पीचच्या टोपल्या ठोकून हा खेळ जन्माला घातला.

पण एक अडचण होती. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीयांना जागाच नव्हती. अशा ठिकाणी मदत मागायची म्हणजे अपमान होण्याचीच शक्यता जास्त. तरीही १८ वर्षांचा जॉन नेस्मिथ यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि तुम्हीच माझे मार्गदर्शक, असं त्याने सांगून टाकलं. सत्तरी ओलांडलेल्या नेस्मिथ यांनी त्याला हाकललं नाही, आपला विद्यार्थी मानलं.

गंमत म्हणजे कोच म्हणून नेस्मिथ यांचा रेकॉर्ड काही भारी नव्हता. ५५ सामने जिंकले, ६० हरले. पण जॉनने त्यांचा रेकॉर्ड बघितला नाही, त्यांना खेळ कसा दिसतो ते बघितलं. बॉल जिथे असेल तिथूनच खेळ सुरू होतो, त्यामुळे पूर्ण कोर्ट वापरायचं, ही गोष्ट तो त्यांच्याकडून शिकला. विद्यार्थी असतानाच त्याने शाळेच्या पोरांचा संघही सांभाळला.

आता कुणाला वाटेल, मदत मागणारा माणूस सगळीकडे मान खाली घालत असेल. तसं नव्हतं. विद्यापीठाच्या तलावात तो पोहून गेला, तर नंतर तलावातलं पाणीच काढून टाकलं गेलं. पण जॉन मागे हटला नाही, आणि नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिले. शेवटी तो तलाव कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी खुला झाला. जे येत नव्हतं ते त्याने मागून घेतलं आणि जो हक्क होता तो भांडून मिळवला. नम्रपणा आणि लाचारी यातला फरक त्याला विशीच्या आतच कळला होता.

पुढे मॅक्लेंडन डरहॅममधल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचे मुख्य कोच झाले. १२ मार्च १९४४ ला, रविवारी सकाळी, गावातले लोक चर्चमध्ये असताना त्यांच्या संघाचा ड्यूकच्या गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांशी गुपचूप सामना झाला. तेव्हा अशा सामन्यावर तिथे बंदी होती, म्हणून दारं बंद आणि प्रेक्षक शून्य. मॅक्लेंडन यांचे खेळाडू पूर्ण कोर्टभर धावत खेळले. स्कोअर ८८-४४. त्यानंतर दोन्हीकडच्या पोरांनी संघ मिसळून आणखी एक सामना खेळला. ही गोष्ट कित्येक दशकं बाहेर आली नाही.

१९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षं त्यांच्या टेनेसी ए अँड आय संघाने एनएआयए ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. कॉलेज बास्केटबॉलमध्ये सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारे ते पहिले कोच ठरले.

१९९९ मध्ये मॅक्लेंडन गेले. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना दोनदा मान मिळाला. १९७९ मध्ये खेळातल्या योगदानासाठी आणि मृत्यूनंतर, २०१६ मध्ये, कोच म्हणून. त्या हॉल ऑफ फेमला नाव आहे जेम्स नेस्मिथ यांचं. ज्यांच्याकडे १८ व्या वर्षी तो मदत मागायला गेला होता, त्यांचंच.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादी गोष्ट येत नसेल तर सरळ विचारून टाका. फार तर नकार मिळेल.